हिंजवडी, फेज झीरो

ज्या दिग्दर्शकाने वासेपूर नावाचं, तोवर कुणी फारसं न ऐकलेलं गाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं, त्याला हिंजवडी काही दाखवता आली नाही. वाक्य जरा झणझणीत झालंय, ठाऊक आहे. पण अनुराग कश्यपचा 'दोबारा' दुसऱ्यांदा बघितल्यावर (होय, नाव मनावर घेतलं आम्ही!) एवढा कट तर यायलाच हवा.

१९ ऑगस्ट २०२२ ला हा सिनेमा थिएटरात लागला तेव्हा कागदावर सगळं कसं फर्स्ट क्लास होतं. दिग्दर्शक कश्यप. पटकथा निहित भावेची, म्हणजे 'चोक्ड' लिहिणाऱ्याची. तापसी पन्नू. तिच्याबरोबर 'थप्पड'मधला तिचा नवरा झालेला पावेल गुलाटी. 'अग्ली'वाला राहुल भट. आणि शाश्वत चॅटर्जी! 'कहानी'तला बॉब बिस्वास आठवतोय ना? एलआयसी एजंटाच्या चेहऱ्याने येऊन नमस्कार करत गोळी घालणारा? तो माणूस शेजारी राहायला आलाय म्हटल्यावर अर्धा सिनेमा तिथेच जिंकायला हवा होता. आणि हे सगळं कुठे घडतं, तर पुण्याच्या हिंजवडीत. टाइम ट्रॅव्हलचा थ्रिलर, तोही हिंजवडीत! सोमवार ते शुक्रवार तिथे लॉगिन करणाऱ्या आणि शुक्रवारी रात्री तावडे हॉटेलला उतरणाऱ्या समस्त कोल्हापूरकरांसाठी तर ही घरचीच गोष्ट.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवट सांगत नाही, काळजी नसावी. तो तुम्हाला तसाही मध्यंतराच्या आसपास कळणारच आहे.) नव्वदच्या दशकातली एक वादळी रात्र. भूचुंबकीय वादळ, म्हणजे आकाशात विजांचा नुसता तमाशा. शेजारच्या घरात काहीतरी भयंकर घडताना एक लहान मुलगा, अनय, बघतो, धावत सुटतो आणि गाडीखाली येतो. पंचवीस वर्षांनी त्याच घरात अंतरा नावाची नर्स, नवरा आणि लहानग्या मुलीसह राहायला येते. अडगळीत जुना टीव्ही आणि व्हिडिओ कॅमेरा सापडतो. पुन्हा तसंच वादळ, टीव्ही सुरू, आणि पडद्यावर तो मुलगा... जिवंत! ती त्याला सांगते, बाहेर जाऊ नकोस. तो वाचतो. सकाळी अंतरा जागी होते तर ती नर्स नाही, डॉक्टर आहे. नवरा तिचा नाही. आणि मुलगी? ती कधी जन्मलेलीच नाही.

काय पेच आहे बघा! एका आईने दुसऱ्या कुणाचं लेकरू वाचवलं आणि तिचं स्वतःचंच या जगातून पुसलं गेलं. आता त्या मुलाला पुन्हा मरू द्यायचं का? ह्या एका प्रश्नावर अडीच तास खुर्चीला खिळवून ठेवता आलं असतं.

सुरुवातीचा अर्धा तास ठेवतोही. पाऊस, काळोख, टीव्हीच्या मुंग्यांतून उमटणारा चेहरा, सगळं जमलंय. तापसी तर कुठेच कमी पडत नाही. मुलगी हरवल्याचं सांगतेय आणि समोरचा प्रत्येकजण तिला वेडी समजतोय, तेव्हाचं तिचं चवताळणं खरं वाटतं. पण मग सिनेमा तिला रडू देत नाही, थांबू देत नाही. एका क्लूवरून दुसऱ्या क्लूवर नुसतं पळवतो. हॉस्पिटल, पोलीस स्टेशन, बंगला, परत हॉस्पिटल. मुलगी हळूहळू मुलगी राहतच नाही, कोड्यातला एक रिकामा चौकोन होते. शाश्वतसारखा नट घेऊन त्याला फक्त संशयास्पद दिसायचं काम द्यायचं, हे म्हणजे कोल्हापूरच्या पैलवानाला सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवल्यासारखं झालं.

आणि हिंजवडी? संवादात आहे. पडद्यावर शोधा.

आम्ही चार-पाच जण मिळून बघत होतो. त्यातला एकजण आठ वर्षं फेज टूमधे काढून परत आलेला. तासभर गप्प बसला आणि मग अगदी मनापासून म्हणाला, "भावा, ही कुठली हिंजवडी म्हनायची? एकदाबी कोन ट्रॅफिकात अडकलं न्हाई!" हसून झालं, पण तो जे बोलला तेच ह्या सिनेमाचं खरं दुखणं आहे. ओल्या रस्त्यावरचा एकटा बंगला, धुकं, झाडं. हे पाचगणी असू शकतं, मडिकेरी असू शकतं, स्पेनमधलं एखादं गावही असू शकतं.

स्पेन उगाच नाही आलं. 'दोबारा' हा ओरिओल पाउलो या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या २०१८ च्या 'मिराज'चा रिमेक. हाच तो पाउलो, ज्याच्या सिनेमावरून तापसी आणि अमिताभचा 'बदला' २०१९ मधे आला होता. 'मिराज'मधे नवऱ्याच्या भूमिकेत 'मनी हाइस्ट'चा प्रोफेसर, अल्वारो मोर्ते आहे, एवढ्यावरच तुमच्यातले निम्मे तो शोधायला गेले असतील. जा, पण एक गोष्ट नीट बघा. तिथलं जुनं वादळ नोव्हेंबर १९८९ मधलं आहे. टीव्हीवर बर्लिनची भिंत पडल्याची बातमी चालू आहे. म्हणजे घराबाहेर एक अख्खं जग बदलतंय आणि घरात एका मुलाचं आयुष्य. प्रेक्षकाला काळ आपोआप कळतो, सांगावा लागत नाही.

आता हेच हिंजवडीत आणा. अरे, हिंजवडीला बर्लिनच्या भिंतीची गरजच नाही! महाराष्ट्रात पंचवीस वर्षांत जिचा चेहरा ओळखू येणार नाही इतका बदलला अशी एक जागा दाखवा म्हटलं, तर कुणीही डोळे मिटून हिंजवडीचं नाव घेईल. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हे मुळशी तालुक्यातलं एक गाव होतं. शेतं, गुरं, म्हातोबाची जत्रा आणि बगाड. मग एमआयडीसी आली, राजीव गांधी इन्फोटेक पार्क झालं, फेज वन, फेज टू, फेज थ्री झाले. काचेच्या इमारती, आयडी कार्डं, कंपनीच्या बसेस, पीजी, तिथला तो सुप्रसिद्ध जॅम. म्हातोबाचं बगाड मात्र अजून निघतं, त्याच गावातून. एका बाजूला गळ टोचलेला भक्त, दुसऱ्या बाजूला मोबाइलवर शूट करणारी टेस्टिंग टीम. दोन काळ एका फ्रेममधे हवेत? घ्या की! व्हीएफएक्सचा खर्चसुद्धा नाही.

त्या अनयच्या टीव्हीचाच विचार करा. १९९५ च्या ऑगस्टमधे व्हीएसएनएलने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच सप्टेंबरमधे देशभर गणपती दूध प्यायला. त्या काळातल्या पोराशी टीव्हीतून बोलणारी बाई ज्या जागेत उभी आहे, तिथून हाकेच्या अंतरावर हजारो लोक रात्रपाळी करून अमेरिकेची कामं उरकतायत. तो मुलगा तिला विचारू शकला असता, आमच्या शेतात एवढे दिवे कसले दिसतायत? एक प्रश्न. पुरे होता.

हे दृश्य सिनेमात नाही. मी आपलं सुचवलंय.

वादळाचंही असंच. भूचुंबकीय वादळ ही काही लेखकाच्या डोक्यातून निघालेली गंमत नाही. सूर्यावर मोठा उद्रेक होतो, विद्युतभारित कणांचा लोंढा आणि चुंबकीय क्षेत्र पृथ्वीवर येऊन आदळतं, आणि पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खातं. मार्च १९८९ मधे अशाच वादळाने कॅनडाच्या क्युबेकमधली वीज घालवली, साठेक लाख लोक नऊ तास अंधारात. मे २०२४ मधलं वादळ तर इतकं जोरदार होतं की लडाखमधल्या हान्लेवरून आकाशाला लाली दिसली. त्यातून जुन्या टीव्हीवर मागचं दशक लागेल का? अर्थातच नाही. पण सायन्स फिक्शनला एक थाप मारायची परवानगी असते, अट एवढीच की तिच्या आजूबाजूचं सगळं खरं हवं.

आणि आजूबाजूचं खरं केवढं होतं! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८५९ सालचं ते प्रसिद्ध कॅरिंग्टन वादळ मोजलं गेलं होतं. नोंदींमधलं सगळ्यात भीषण वादळ, आणि त्याच्या मोजक्या चांगल्या नोंदींपैकी एक आपल्या कुलाब्याची. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप बिघडेल अशी भीती वाटली, तर वेधशाळाच अलिबागला नेली. १९०४ पासून अलिबागला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू आहे, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या इमारतीत. वीकेण्डला तुम्ही-आम्ही अलिबागला जातो, बीचवर वडापाव खातो, घोडागाडीत बसतो आणि ह्या वेधशाळेच्या जवळून निघून येतो. मुळशीतल्या वादळावर थ्रिलर करायचा आणि अलिबागचं नावही घ्यायचं नाही? नायिका एकदा तिथे जाऊन जुन्या नोंदींचे कागद उलटते, एवढ्या एका सीनने सगळ्या गोष्टीला पाया मिळाला असता. त्याऐवजी आपल्याला मिळतात टीव्हीवरच्या बातम्या. वादळ येणार, वादळ आलं, वादळ जाणार.

कुणी म्हणेल, एवढी मागणी कशाला? थ्रिलर आहे, पॉपकॉर्न खा आणि सोडून द्या. सोडून दिलं असतं, पण मराठी वाचणाऱ्या माणसाची एक पंचाईत आहे. त्याने नारळीकर वाचलेले असतात.

जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ चा जन्म, इथलाच. पुढे बनारस, केंब्रिज, मुंबई, पुण्याची आयुका असा प्रवास. २० मे २०२५ ला पुण्यात गेले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ह्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेऊन कथा पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. बक्षीस मिळालंच.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा माहीत असेल. सीबीएसईवाल्यांनी तर अकरावीला इंग्रजीत 'द अॅडव्हेंचर' म्हणून अभ्यासलीय. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांची एका ट्रकशी धडक होते आणि ते जातात एका वेगळ्याच भारतात, जिथे १७६१ ला पानिपतावर विश्वासराव वाचला आणि मराठे जिंकले. आता बघा, इथेही अपघात आहे, इथेही एकजण वाचल्यामुळे सगळं बदललंय. प्लॉट 'दोबारा'च्या सख्ख्या चुलतभावासारखा! पण नारळीकर काय करतात? पंतांना पुण्याहून गाडीत बसवून मुंबईला पाठवतात. व्हीटी स्टेशन चकाचक आहे, कारण मुंबई अजून ईस्ट इंडिया कंपनीकडे आहे. आपला मुलगा ज्या कंपनीत नोकरीला असायला हवा तिथे पंत जातात, तर त्या नावाचं कुणी तिथे कामालाच नाही. झालं. ना पाऊस, ना पार्श्वसंगीत. रिसेप्शनवरच्या एका 'नाही'ने अंगावर काटा येतो. का? कारण व्हीटी आपल्याला माहिती आहे, पुणे-मुंबई गाडी आपल्याला माहिती आहे. ओळखीच्या जागेत एक गोष्ट चुकीची निघते तेव्हा जग बदलल्याचं कळतं. जागाच अनोळखी असेल तर बदललं काय, हे कळणार कसं?

'दोबारा'मधे अंतरा नव्या काळात जागी होते तेव्हा नेमका हाच घोटाळा होतो. तिचं पद बदललं, नवरा बदलला. पण बाहेरची हिंजवडी आधीही दिसली नव्हती, नंतरही दिसत नाही.

ह्या टीमला हे जमत नाही म्हणावं तर तसंही नाही, म्हणून तर राग येतो. कश्यप-भावे जोडीचाच 'चोक्ड' बघा, जून २०२० चा. मुंबईतलं एक मध्यमवर्गीय किचन, तुंबलेलं सिंक, त्यातून वर येणाऱ्या नोटांच्या गुंडाळ्या, आणि तेवढ्यात नोटबंदी. शेजारीण म्हणून अमृता सुभाष आली की त्या बिल्डिंगचा जिना, तिथला वास, भांडणं सगळं खरं होतं. किंवा 'अग्ली'तला पोलीस चौकीतला तो सीन! मुलगी हरवलेला बाप समोर बसलाय आणि गिरीश कुलकर्णीचा इन्स्पेक्टर चौकशीच्या नावाखाली मोबाइलवर कॉल करणाऱ्याचा फोटो कसा दिसतो, ह्यात अडकलाय. हसू येतं आणि त्याची लाज वाटते. त्याच राहुल भटने तो बाप केला होता. 'दोबारा'त मुलगी हरवते, राहुल भट आहे, पोलीस आहेत, आणि तसा एकही सीन नाही.

बजेटचं कारणही मला पटत नाही. सप्टेंबर २०२० मधे नेटफ्लिक्सवर 'कार्गो' आला, नागपूरच्या आरती कडवचा. अंतराळयानाचं नाव 'पुष्पक ६३४-ए', त्यात राक्षस ड्युटीवर, काम काय तर मेलेल्या माणसांची पुढच्या जन्मासाठी प्रोसेसिंग. विक्रांत मेस्सी रोज तेच काम त्याच कंटाळ्याने करतो, श्वेता त्रिपाठी नवीन जॉइन होते, आणि खालून पडद्यावर येऊन बोलणारे सीनियर म्हणजे आपले नंदू माधव! यान बघितलं तर एखाद्या जुन्या सरकारी ऑफिसला बटणं लावल्यासारखं. पण ती नोकरी, तो एकटेपणा, त्या एचआरछाप गप्पा आपल्या आहेत. संथ आहे, मान्य. दोनदा ब्रेक घेऊन बघा. पण तिथे कुणीतरी स्वतःचं डोकं वापरलंय.

'दोबारा' तिकीटबारीवर आपटला. त्या ऑगस्टमधे आमिरचा 'लालसिंग चढ्ढा' आणि अक्षयचा 'रक्षाबंधन'सुद्धा आपटले होते, बॉयकॉटची हवा होती, त्यामुळे सगळा दोष सिनेमाच्या माथी मारता येत नाही. पण आपल्याकडे असा सिनेमा पडला की निष्कर्ष ठरलेला असतो: इंडियन ऑडियन्सला सायन्स फिक्शन कळत नाही. मग पुढच्या एखाद्या आरती कडवला ऑफिसबाहेर तासभर जास्त बसवतात. आम्हाला सायन्स फिक्शन कळतं हो. आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या मासिकांतून आलंय. आम्हाला फक्त स्पॅनिश गोष्टीवर चिकटवलेली हिंजवडीची पाटी कळते.

आणि खरं सांगू? दुसऱ्या टाइमलाइनची गोष्ट कोल्हापूरच्या पोरापोरींना वेगळी समजावून सांगायची गरजच नाही. तशी पुण्याला जाण्याची आपली रीत जुनीच. १९२९ ला इथे स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९३३ ला बिऱ्हाड उचलून पुण्याला गेली. रविवारी रात्री वाकडच्या बसची वाट बघत उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक दुसरं आयुष्य चालू असतं: गेलोच नसतो तर? वडिलांचं दुकान, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली नोकरी, संध्याकाळी रंकाळा, पगार अर्धा, झोप दुप्पट. आणि इथे राहिलेल्याच्या डोक्यात उलटं: गेलो असतो तर? घरी आई-बाप एकटे, तिकडे फ्लॅटचा हप्ता. कुठलं आयुष्य वाचवायचं आणि कुठलं पुसायचं हा अंतराचा प्रश्न ह्या बसमधे दर सीटवर बसलेला असतो.

कोल्हापुरात आयटी पार्क व्हावं ही मागणी आपण कित्येक वर्षं ऐकतोय. शेंडा पार्कच्या जागेचं नाव त्यात सारखं येत असतं. मला बघायचा असलेला 'दोबारा' तिथे सुरू होतो. नव्वदच्या दशकात वादळ येतं, कुणीतरी एक मुलगा वाचतो, कुठल्यातरी फायलीवरची सही बदलते, आणि सकाळी उठून बघावं तर फेज वन, टू, थ्री सगळे शेंडा पार्कात. हिंजवडीत शेतं डोलतायत. रविवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्या बसेस फुल, आणि राजारामपुरीतल्या एका पीजीमधे तीन सदाशिवपेठी मुलं मिसळीच्या ताटासमोर घाम पुसत विचारतायत, "काका, जरा साखर मिळेल का?"